न उघडलेलं उघडं खोकं

…आणि वर मलाच विचारतात, "क्लाइव्ह, गाडी कुठंय?" अहो, गाडी खोक्यात आहे! गाडी दुसरीकडे कुठे असणार, पावाच्या भट्टीत? खोकं टेबलावर, गाडी खोक्यात आणि खोकं बंद! तुम्हाला सांगतो, आमच्या रॉसेनडेलमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल… नाही, शेंबडं पोर नाही सांगणार, ते फाडून मोकळं होईल… पण आमच्या जुन्या खेळण्यांच्या क्लबातला कुठलाही म्हातारा झोपेतून उठवलात तरी सांगेल, की खोकं उघडायचं नसतं!

आता तुम्ही म्हणाल, कसली गाडी? सार्जंट टॅटर्सलची गाडी! हे नाव ऐकून ज्यांच्या पोटात काही हललं नाही ते साठीच्या आतले, त्यांना माफ. दर शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर, कृष्णधवल, आणि अख्खी गल्ली चिडीचूप! तो लठ्ठ सार्जंट, त्याची ती गुबगुबीत गाडी आणि मागच्या सीटवर ग्रेव्ही. ग्रेव्ही म्हणजे कुत्रा हो. चोर कायम मागून यायचा, सार्जंटला जन्मात कधी दिसला नाही, दिसायचा तो ग्रेव्हीला. म्हणजे पगार सार्जंटला आणि डोकं कुत्र्याला! तर त्या गाडीची खेळण्यातली गाडी निघाली, ओतीव धातूची, हातात घेतली की हात खाली जावा अशी. आणि पहिल्या घाण्यातल्या गाड्यांत मागच्या सीटवर ग्रेव्ही होता. एवढासा, वाटाण्याएवढा, तोही धातूचा, मागच्या काचेतून बघणारा. पण पोरं तो उपटून तोंडात घालायला लागली, आया ओरडल्या, आणि पुढच्या घाण्यापासून कुत्रा बंद. खोकं मात्र तेच! खोक्यावरच्या चित्रात कुत्रा आहेच, आत असला तर असला, नसला तर नसला.

माझ्या लहानपणीच्या गाडीत नव्हता. वाढदिवसाला मिळाली, खोकं फाडलं, मागची सीट रिकामी. आई म्हणाली, "उतरला असेल बाळा, येईल." मी सातव्या वर्षापासून त्या कुत्र्याची वाट बघतोय, खोटं नाही सांगत.

आणि मग हॅस्लिंग्डनचं एक जुनं खेळण्यांचं दुकान बंद झालं, माळा रिकामा करायला मी मदतीला गेलो, आणि तिथे, कोळिष्टकांच्या मागे… टॅटर्सल! न उघडलेली! कारखान्याची चिकटपट्टी जशीच्या तशी, पिवळी पडलेली, पण अखंड! मी घरी आणली ती मांडीवर ठेवून, बसमध्ये एका बाईला बसायला जागा दिली नाही, म्हटलं, "माफ करा, मी बाळंतपणाहून येतोय." डोरीननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, खोकं बघितलं आणि पहिला प्रश्न काय? "मग उघड की!" चाळीस वर्षांचा संसार, आणि अजून हिला सांगावं लागतं, खोकं उघडायचं नसतं!

तर आमच्या क्लबाचं प्रदर्शन असतं वसंतात, मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये. दोन टेबलं. एक उघडलेल्यांचं, तिथे कोणीही या. आणि एक न उघडलेल्यांचं, ते म्हणजे खानदानी. त्या टेबलाचा चषक वर्षानुवर्षं एकाच्याच घरी, नॉर्मन पिकल्स! नॉर्मननं आयुष्यभर अंत्यविधीचं दुकान चालवलं, त्यामुळे झाकण बंद ठेवायची सवय त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जुनी. त्याच्याकडे टॅटर्सलच आहे, बंद, पण बिनकुत्र्याच्या घाण्यातली, हे तो स्वतःच मान्य करतो. माझ्या खोक्यात कुत्रा निघाला की चषक माझा! साधा हिशेब!

नॉर्मननं माझं खोकं उचललं, कानाशी धरलं, डोळे मिटले.

"कुत्रा नाही."

"कशावरून?"

"वाजत नाही."

"अरे चिकटवलेला असतो तो, वाजेल कसा?"

"तेच म्हणतो मी. पुरावा काय?"

मी गेलो अध्यक्षीणबाईंकडे. मिसेस हार्ग्रीव्ह्ज, आवाज असा की किटली उकळायची थांबते. "हे बघ क्लाइव्ह, 'कुत्र्यासह' म्हणून ठेवायची असेल तर कुत्रा दाखवावा लागेल." म्हटलं, "दाखवायला उघडावं लागेल." "उघडलंस तर या टेबलावर ठेवता येणार नाही." "मग मी करू काय?" "चहा घे." 

इकडे आड तिकडे विहीर! घरी येऊन डोकं धरून बसलो. तर डोरीन, स्वयंपाकघरातून, बटाटे ओव्हनमध्ये सरकवता सरकवता म्हणते, "डॉक्टर लोक पोट न फाडता आतलं बघतातच की!" काय बाई आहे! पण माणसांच्या दवाखान्यात कोण काढतंय खोक्याचा एक्स-रे फोटो? म्हणून गेलो नाक्यावरच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. एका बाजूला दम लागलेला ससा, दुसऱ्या बाजूला पट्टी बांधलेलं मांजर, मधे मी, मांडीवर खोकं. टेबलामागची मुलगी विचारते, "पेशंटचं नाव?"

"ग्रेव्ही."

"जात?"

"टेरिअर."

"वय?"

"साठीला आलाय."

तिनं लेखणी थांबवली. "आणि तक्रार काय आहे?"

म्हटलं, "तो आहे की नाही, हेच कळत नाही."

डॉक्टरीणबाई मिस ओलरेनशॉ, देवमाणूस! तिचे वडील टॅटर्सल बघायचे. हसली नाही, काही नाही, खोकं हळूच आडवं ठेवलं, मला बाहेर उभं केलं. आणि मग फोटो दिव्यासमोर धरला… गाडी. चाकं. चाकाच्या दांड्या. आणि मागच्या खिडकीत… दोन कान! एक उभा, एक पडका! काचेतून मागे बघतोय! आणि सगळं कृष्णधवल हो, शुक्रवारसारखं! मी रडलो. त्या सशाच्या मालकिणीनं मला रुमाल दिला, तिला वाटलं, माझा गेला. म्हटलं, "नाही ताई, माझा आला."

प्रदर्शनाच्या दिवशी तो फोटो हॉलच्या खिडकीला लावला. गर्दी! लोक केक हातात घेऊन उभे, कोणी खाईना. नॉर्मननं टोपी काढली, सवयच ती. बराच वेळ बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, टोपी परत घालून हा माणूस म्हणतो काय, "मिसेस हार्ग्रीव्ह्ज, ज्यानं आत डोकावलं, त्यानं उघडलं."

झालं! समिती बसली स्वयंपाकघरात, दार लावून. आतून कपबश्यांचा आवाज, वाद, परत कपबश्या. मी बाहेर ओरडतोय, "चिकटपट्टी बघा! चिकटपट्टीला नख लागलेलं नाही!" शेवटी बाई बाहेर आल्या. "क्लाइव्ह, उघडणं म्हणजे कात्री लावणं नव्हे. उघडणं म्हणजे कळणं. तुला कळलंय. आम्हा सगळ्यांना कळलंय. खोकं उघडलेल्यांच्या टेबलावर ने."

नेलं. काय करणार? नियम म्हणजे नियम, ते पाळणारे म्हणून तर आम्ही क्लब. डोरीन आली पर्समधली कात्री घेऊन. "उघडं म्हणतात ना? मग उघड, राजा. एकदा डोळ्यांनी बघून घे त्याला." मी कात्री घेतली. पात्याचं टोक चिकटपट्टीवर टेकवलं. सात वर्षांचा असतो तर फाडलंच असतं! पण हात पुढे सरकेना हो. आत तो बसलाय, कुणी उपटला नाही, कुणी चघळला नाही, एवढी वर्षं शहाण्यासारखा जागेवर… कात्री परत दिली. खोकं उघडायचं नसतं!

आले परीक्षक उघडलेल्यांच्या टेबलाशी. चारही बाजूंनी फिरले. "क्लाइव्ह, गाडी कुठंय?" आणि शेरा वाचून दाखवतो, "गाडी: दिसली नाही. खोकं: अप्रतिम, परंतु या गटात खोक्याला गुण नाहीत." शेवटचा नंबर! चाकं निखळलेल्या गाड्या माझ्या पुढे! चषक नॉर्मनच्या काखेत. पण ऐका, सगळे पांगल्यावर तो आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "क्लाइव्ह… तो फोटो अजून एकदा बघू?" बघ म्हटलं! पोटभर बघ! अख्ख्या लँकेशरात एकाच्याच घरी आहे असा ग्रेव्ही, माझ्या!

डोरीन रोज विचारते, "आता तरी उघडायचं का?" मी म्हणतो, कसं उघडू, बाई? क्लबाच्या लेखी ते उघडलेलंच आहे. आणि उघडलेलं खोकं परत उघडणार तरी कसं?