सालीचा वास

नाही हो, ‘ओल्ड फॅशन्ड’ हे कॉकटेल शेकरमध्ये घालून खडखडवत नाहीत — ढवळायचं फक्त, बर्फाचासुद्धा आवाज होता कामा नये — अगं बाई! कोण आलं? — दार आपटलं होय. मी अशीच दचकते, लक्ष नका देऊ. तर आधी साखरेचा खडा, त्यावर या कडू अर्काचे थेंब, जरासं पाणी, चमच्याने दाबून विरघळवायचा, मग व्हिस्की. झालं. पूर्वी कॉकटेल म्हणजे एवढंच असायचं, माहितीये? पुढे बारवाल्यांच्या अंगात आलं — यात हे घाल, त्यात ते ओत — तेव्हा जुनी गिऱ्हाइकं वैतागली, म्हणाली, मला आपलं जुन्या पद्धतीचंच दे. तेच नाव चिकटलं. बाबा म्हणायचे, नवं येईपर्यंत जुन्याला जुनं म्हणतंय कोण?

माझे बाबा, हो — इथेच, या काउंटरमागे. एक आठवडा इथे, एक आठवडा दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात. दमून यायचे बिचारे. बिचारे कसले — एकदा तिकडे गेले ते गेलेच. फोन बंद. त्या हॉटेलात विचारलं तर म्हणे, असा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. आई अजून शेजाऱ्यांना सांगते, सुट्टी मिळत नाही त्यांना — आणि त्यांचे शर्ट इस्त्री करून ठेवते. आणि मी? मी पदवी घेऊन ग्लास पुसते, कारण आलेच परत तर आधी इथेच येतील. वेडेपणा आहे, कळतं मला. पण तुम्हाला का सांगतेय मी हे सगळं? दुपारचं कुणी नसतं, आणि तुम्ही माझ्याच वयाच्या, म्हणून असेल. घ्या, ही संत्र्याची साल, तुम्हीच पिळा वरून. आता सगळे ती काठावरून फिरवतात, पण बाबा कधीच —

हे काय करताय?

बुडाला का चोळलीत? ग्लासच्या बुडाला? — वास ओठांना नको, बोटांना राहावा — हो, ठाऊक आहे मला कशासाठी, पण तुम्हाला कुणी — नाही, सगळे नाही करत असं. कुणीच नाही करत. ‘तुझ्याशिवाय कुणाला शिकवलं नाही’ म्हणाले होते मला — घरी? तुमच्या घरी कोण करतं? — तुमचे वडील. आणि या बारबद्दलही त्यांच्याच तोंडून ऐकलंत, म्हणून आलात. बरं. आठवडाआड यायचे? आता कायमचे घरीच असतात? छान. छान झालं. दमले असतील.

वय काय तुझं?

म्हणजे मोठी आहेस माझ्याहून. म्हणजे जुनं घर ते तुमचं — आणि आम्ही, आई आणि मी, वरून ओतलेलं.

नको, फोटो नको दाखवूस. मोबाइल ठेव आत. नावही नको सांगूस त्यांचं — हात पूस आधी. पूस म्हणते ना! हे घे फडकं. आणि ऊठ. बार बंद आहे. हो, आत्ताच झाला.