शेपटीवरचं ठिगळ

बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी बसलो होतो. शेजारी हवाई दलातले एक निवृत्त फिटर आणि त्यांची नात.

“अज्जा, विलायतेच्या संग्रहालयाचं उत्तर आलंय. तुमचं महायुद्धातलं बॉम्बर ते पुन्हा नवं करतायत. शेपटीवरच्या ठिगळाखाली भोक सापडलंय. कुठल्या लढाईतली गोळी, विचारतायत.”

“गोळी कसली! माझी शिडी आपटली की. युद्धानंतर वीस वर्षांनी, पुण्यात.”

“अय्या! मग?”

“माझ्या जोडीच्या नायरनं चूक स्वतःवर घेतली. माझी नोकरी नवी होती. पंधरा दिवस शिक्षा भोगली बिचाऱ्यानं.”

“संग्रहालयाच्या पाटीवर गोळीच राहू दे की. ऐटदार वाटतं.”

“नको. शिडी लिही. ह्या सिद्रामप्पाची.”

“लोक हसतील तुम्हाला.”

“हसू दे. ठिगळ मारताना नायर बी लई हसत होता.”