टाकीची तार कोणी सोडली याबाबत

पुरवणी जबाब, दि. २ जून २०२५, सकाळी ११ वाजता.

मी वाल्मीक दगू जेजुरकर, वय ४९ वर्षे, धंदा अंबड येथील कारखान्यात मशीन ऑपरेटर व घरची फुलशेती, शिक्षण दहावी, राहणार मखमलाबाद, नाशिक. आज रोजी कोणी न बोलावता स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन सांगतो ते असे.

वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी व माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी नवसाबाई असे एकत्र राहतो. घर स्लॅबचे आहे. गच्चीवर हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी होती. माझे थोरले भाऊ कोंडाजी दगू जेजुरकर, वय ५७, हे दि. १२ मे २०२५ रोजी सकाळी हृदयविकाराने मयत झाले. त्यांच्या मृत्यूबाबत माझी कोणावरही तक्रार नाही.

सन २०२० च्या जून महिन्यातील चक्रीवादळात आमच्या मागच्या खोलीचे पत्रे उडून गुलाबाच्या वावरात पडले होते. त्यानंतर दादांनी, म्हणजे भावाने, प्लंबर मंगळू भोये यांच्याकडून टाकी नव्याने बसवून घेतली. मंगळू हे मूळचे पेठ तालुक्यातील असून पंधरा वर्षांपासून मखमलाबादला राहतात. त्यांनी गच्चीवरील टाकीखालच्या ओट्याच्या चार कोपऱ्यांत लोखंडी हूक गाडले व टाकीवरून जाड जीआय तार फुलीसारखी घेऊन ती हुकांना पिळून बांधली. त्या दिवशी मी पहिल्या पाळीला होतो, त्यामुळे बांधताना पाहिले नाही. संध्याकाळी बांधलेली पाहिली.

त्याच महिन्यात दादांनी घराचा विमा काढायला लावला. विमा माझ्या नावावर आहे, कारण दादांना सह्या करण्याचा कंटाळा होता. विम्याच्या कागदांबरोबर एक पत्रक आले होते. वादळाआधी घराची काय काळजी घ्यावी हे त्यात छापलेले होते. ते पत्रक दादांनी धान्याच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवले. दर वर्षी अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी ते पत्रकाप्रमाणे सर्व करीत. घरावर आलेल्या शेवग्याच्या फांद्या तोडणे, गच्चीवरचे भंगार खाली आणणे, पत्र्यांचे बोल्ट आवळणे, टाकीची तार हाताने ओढून पाहणे आणि वाऱ्याच्या दिवसांत टाकी भरलेली ठेवणे. मी एकदा म्हणालो होतो, "दादा, समुद्र कुठं, आपण कुठं!" त्यावर ते म्हणाले, "वाऱ्याला काय तिकीट काढावं लागतं का?" या वर्षी त्यांनी हे काम दि. ४ मे रोजी केले.

दि. २१ मे रोजी दादांचा दहावा होता. सकाळी आम्ही भाऊबंद गोदावरीच्या घाटावर जाऊन विधी उरकून साडेअकरा वाजता घरी आलो. सुतक फिटल्यावर घरातील साठवलेले पाणी ओतून देऊन नवीन भरायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. बायकांनी माठ, हंडे, पिंप ओतले होते. मी म्हणालो, वरची टाकीही रिकामी करून धुवायची. पत्नी म्हणाली, "टाकीचं कोणी करतं का? आत्याबाईंच्या वेळेला टाकी तरी होती का?" मी ऐकले नाही. टाकीबद्दल मला कोणी सांगितले नव्हते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, फक्त माठ ओतलेले मी पाहिले आहेत. टाकीचे मी माझ्या मनाने ठरवले. दादा गेले त्या दिवशी सकाळी मोटर त्यांनीच चालू केली होती, तेच पाणी वर आहे असे माझ्या मनात बसले होते. पाणी रोज वापरात होते व रोज नवीन चढत होते, हे तेव्हाही मला माहीत होते.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाईलवर जिल्हा प्रशासनाचा संदेश आला. चार तासांत वादळी वारे व पाऊस, सैल वस्तू बांधून ठेवाव्यात, असा मजकूर होता. तो मी पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मोटरसायकली आत घेण्यात आल्या. मांडवाच्या खुर्च्या एकात एक घालून दोरीने बांधल्या. ते मी स्वतः केले.

पाऊण वाजता मी पक्कड व ब्रश घेऊन गच्चीवर निघालो. वहिनी, म्हणजे नवसाबाई, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. मला जाण्यासाठी त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, त्या टाकीला राहू द्या. यांनी परवाच तार आवळलीय." मी म्हणालो, "वहिनी, देवाचं पाणी त्याच टाकीतून येतं." मग त्या बाजूला सरकल्या.

टाकीतील पाणी नळातून सोडले तरी तळाला वीतभर उरते. ते काढण्यासाठी टाकी आडवी करावी लागते. म्हणून मी चारही हुकांचे पीळ पकडीने उलगडले, तार काढली व पाईप सोडवला. टाकी आडवी करून पाणी ओतले, आतून घासली, पुन्हा उभी केली व पाईप हाताने बसवला. तार बांधली नाही. आधी भरावी, मग बांधावी असा विचार केला. तार गुंडाळून जिन्याच्या खोलीत खिळ्याला अडकवली. खालून पंगतीची हाक आली म्हणून मी खाली आलो. एक वाजून पन्नास मिनिटांनी वीज गेली, त्यामुळे मोटर चालू करता आली नाही. नंतर पाहुणे निरोप घेऊ लागले. मधल्या वेळेत मला टाकीची आठवण झाली की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. झाली असावी.

चार वाजून वीस मिनिटांनी पश्चिमेकडून जोराचा वारा आला. मी पुढच्या दारात उभा होतो. गच्चीवर घरंगळल्याचा आवाज झाला व टाकी कठड्याचा कोपरा पाडून पूर्वेला, शेजारच्या वत्सलाबाई मंडलिक, वय ६४, यांच्या पडवीवर पडली. वत्सलाबाई त्या वेळी कुरडयांची बाज अंगणातून पडवीत ओढत होत्या. पत्र्यासह पडवीचा वासा त्यांच्या अंगावर आला व उजव्या खुब्याचे हाड मोडले. त्यांचा मुलगा समाधान व मी वासा उचलला. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत त्या शुद्धीवर होत्या.

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता पंचनामा झाला. ओट्यास चार हूक असून गच्चीवर तार कोठेही मिळून आली नाही, असे त्यात लिहिले आहे. दि. २२ मे रोजी समाधान यांनी फिर्याद दिली व प्लंबरने टाकी बांधलीच नव्हती असा संशय सांगितला. माझा पहिला जबाब त्याच दिवशी झाला. मला विचारण्यात आले की टाकी कोणी बसवली. मी सांगितले की मंगळू भोये यांनी. ते खरे आहे. तार कोणी सोडली असे मला विचारले नाही व मी आपण होऊन सांगितले नाही. त्यानंतर मंगळू यांना दोन वेळा ठाण्यात बोलावण्यात आले. "मी तार बांधली होती, कोंडाजीभाऊ असते तर त्यांनी सांगितलं असतं," असे त्यांनी सांगितल्याचे मला कळले.

दि. २७ मे रोजी विमा कंपनीचा माणूस कठड्याची व गच्चीची पाहणी करून गेला. त्याच्या सोबत माझा भाचा दीपक होता. तो विमा एजंट असून आमची पॉलिसी त्यानेच काढली आहे. त्या माणसाची गाडी गेल्यावर मी दीपकला तार दाखवली व झालेले सांगितले. तो जिन्यातच बसला.

"मामा, हे अजून कोणाकोणाला माहीतंय?"

"तुझ्या मामीला. आणि वहिनींना."

"मग तिथंच राहू द्या. नीट ऐका. पॉलिसीत शेजाऱ्याला झालेली इजा पण बसते. वत्सलाबाईंचं ऑपरेशन त्यातनं निघेल. पण तुम्ही स्वतःच्या हातानं तार सोडली, अन् तीही मेसेज वाचून झाल्यावर, असं कागदावर आलं की दावा गेला. कठडा गेला, त्यांचं पण गेलं."

"आणि मंगळू?"

"त्याला काय होतंय? दोन-चार तारखा होतील. तुम्ही खोटं बोलू नका, मी कुठं म्हणतोय? तुम्ही फक्त बोलू नका."

दीपक वाईट मुलगा नाही. दादांच्या मागच्या वर्षीच्या आजारपणात त्याने दोन रात्री दवाखान्यात काढल्या. त्याचे म्हणणे मी ऐकले व चार दिवस गप्प राहिलो. या चार दिवसांत मी रोज पूजा केली, हरिपाठही म्हटला. त्यात खंड पडला नाही.

दि. ३१ मे रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास मंगळू आमच्याकडे आले. आत बोलावले तरी आले नाहीत, पायरीवर बसले. भांडण्यास आले असावेत असे मला वाटले, पण ते भांडले नाहीत. म्हणाले, "वाल्मीकभाऊ, कामं बंद झाली माझी. लोक म्हणतात, हा टाक्या नुसत्या ठेवून जातो. ते जाऊ द्या. मला येकच सांगा, मी तार बांधली व्हती ना?"

मी पाणी आणण्यास उठलो.

ते म्हणाले, "कोंडाजीभाऊंनी धरली, मी पिळली, येवढं डोळ्यापुढं दिसतंय. पण पाच वर्सात किती टाक्या बांधल्या. साहेबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मलाच वाटाया लागलं, ती दुसऱ्याच कुणाच्या गच्चीवरची आसंल. तुमची राहिली आसंल. तसं आसंल तर त्या म्हातारीचं पाप माझ्यावर हाय ना? मग मी कबूलच करून टाकतो."

मी त्यांना पाणी आणून दिले. ते पाणी पिऊन गेले. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, १ जून रोजी, मी सकाळी पूजेस बसलो असता वहिनींनी जिन्याच्या खोलीतील तार आणून माझ्या पाटाशेजारी ठेवली. म्हणाल्या, "ही इथंच राहू द्यायची का तुम्ही नेताय?" मी तोपर्यंत ठरवले होते असे मी म्हणणार नाही. पूजा अर्धी ठेवून उठलो.

पहिल्यांदा मी दवाखान्यात वत्सलाबाईंकडे गेलो, कारण माझ्या बोलण्याने त्यांचे नुकसान होणार होते. समाधान तेथे होता. मी दोघांसमोर सर्व सांगितले. समाधान उठून बाहेर गेला. वत्सलाबाईंनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "आरं वाल्मीका, दहा दिवस लागले व्हय रं तुला? तेराव्याचं जेवण घशाखाली गेलं का?"

मी म्हणालो, "गेलं."

"गेलंच आसंल. लाडू चांगले व्हते म्हणं." नंतर म्हणाल्या, "विम्याचं मला सांगू नको. माझं हाड काय त्यांच्या कागदानं जुळणार हाय का? पर त्या मंगळूनं आमच्या न्हाणीचा नळ फुकट बसवून दिलाय. त्याला आधी सोडव. आन् माझ्या चार पायली गव्हाच्या कुरडया चिखलात गेल्या, त्या बी लिव्हायला सांग तिथं. त्याचं कुनीच लिव्हलं नाय."

त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या चार पायली गव्हाच्या कुरडयांचे नुकसान झाल्याची नोंद व्हावी.

समाधान मला दवाखान्याच्या जिन्यात भेटला. "काका, तुमच्यापायी मी एका गरिबाला ठाण्यात उभं केलं," एवढेच तो बोलला. त्याचे म्हणणे बरोबर आहे.

टाकीची तार मी सोबत आणली असून आज ठाण्यात जमा करीत आहे. तिची चारही टोके पकडीने उलगडलेली आहेत, तुटलेली नाहीत. साहेबांच्या सांगण्यावरून मंगळू भोये यांना बोलावून तार दाखवण्यात आली. त्यांनी ती टेबलावरून उचलून खिडकीपाशी नेली. उलगडली असली तरी टोकांना पीळ राहिलेला आहे. तो उलट्या दिशेने आहे, कारण मंगळू डावखुरे आहेत. हे मला माहीत नव्हते. त्यांनी टोकावरून दोन-तीनदा बोट फिरवले व म्हणाले, "माझाच हाय. हा माझा पीळ हाय." साहेबांनी त्यांना बसण्यास खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. तार हातात धरून ते उभे राहिले. ती परत मागावी लागली.

हे सांगितल्यास माझ्याविरुद्ध कारवाई होऊ शकते, असे मला साहेबांनी लिहिण्यापूर्वी समजावून सांगितले होते. ते मला समजले आहे. विमा कंपनीसही मी हेच लेखी कळवणार आहे. कंपनीने दावा नाकारल्यास माझी हरकत नाही. वत्सलाबाईंच्या उपचाराची जबाबदारी माझी आहे. टाकी बांधलेली होती. ती बांधण्यात मंगळू भोये व माझे मयत भाऊ यांच्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही.

लिहून झाल्यावर हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मंगळू भोये हजर होते, त्यांनीही ऐकला. तो मी सांगितला तसाच आहे. माझ्या पहिल्या जबाबात खोटे काही नव्हते, राहिलेले होते. ते यात आले आहे.