देवीला लावलेला कौल

तुम्ही रँक बघून कॉलेज ठरवलासा व्हय? आमच्यात देवीला कौल लावलता.

बायोइंजिनिअरिंगच्या दोन सीटा मिळालत्या, एक पुण्यात, एक बेंगळूरला. संध्याकाळी पाचच्या आत एक पक्की करायची, न्हायतर दोन्ही जाणार. आमच्या आप्पांचा सगळा जन्म बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणण्यात गेला. बेळगाव गेलं न्हाय, निदान लेक तरी जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. मला बेंगळूर पायजे होतं, तिथं कृत्रिम अवयवांची लॅब लई चांगली. पण आप्पांसमोर बोलायची छाती न्हवती.

चार वाजता खानापूरकडच्या आमच्या गावात, देवळात मी उभी. गुरवानं देवीच्या अंगावर दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर पुणं, डावं पडलं तर बेंगळूर.

डावं पडलं.

"पुन्यांदा लावा," आप्पा म्हणाले.

परत डावंच. आप्पांचा आवाज चढला, "अवो, नीट इचारा तिला! मराठीत इचारा!"

तिसऱ्यांदा दोन्ही फुलं हललीच न्हाईत. साडेचार वाजले. मी मोबाईलवर सीट पक्की करायचं पान उघडून ठेवलं. आप्पा एकदम माझ्याकडं वळले, "तुला कुठं जायाचंय गं?"

महिनाभर घरात मोठ्यांची भांडणं चाललती, पण हे मला कुणी इचारलंच न्हवतं.

"बेंगळूर," मी म्हणाले.

आप्पा गुरवावरच खेकसले, "काढा ती फुलं! देवीनं दोनदा सांगितलंय, अजून किती बोलायचं तिनं?"