सेन्सर कोणाचा गेला?

हिंगणा रोडवरच्या सर्व्हिस सेंटरात रोशनी ताटकळत बसली होती. शेजारी नवरा-बायकोचं जुंपलं होतं.

“बटन दाबलं का गाडी म्हणते, चाबी सापडत नाही. सेन्सर गेला तिचा.”

“चाबीचा सेल बदलला, गाडीची बॅटरी बदलली. आता बायको तेवढी बदलून पाहा.”

“चाबी तर माह्या खिशातच राहते वं.”

“खिशात म्हणजे त्या स्टीलच्या डबीत? दिवाळीत तंबाखूचा खर्रा सोडला म्हणून मी बडीसोप भरून दिली, त्या?”

“चोर चाबीचा सिग्नल पकडतात ना. डबीतून तो बाहेर जात नाही.”

“वा! मग गाडीले काय स्वप्न पडन? उघडा डबी.”

“घरी उघडतो.”

“उघडा म्हणते ना जी!”

झाकण उघडलं. चुना-तंबाखूचा वास रोशनीपर्यंत आला.

“गाडीचा सेन्सर ठणठणीत हाय जी. माहाच खराब होता, दिवाळीपासून.”