अर्ध्या मिलिमीटरची नऊ वर्षं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि कारखान्यातल्या माझ्या सोबत्यांनो,

आज निवृत्त होणाऱ्या आमच्या फिटरांबद्दल, म्हणजे तुमच्या कानसकाकांबद्दल, मी चार चांगले शब्द बोलावेत असा हुकूम आहे. शोधतोय मी. पण शेजारच्या बाकावर पंचवीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या फिटरला या गृहस्थांनी किती छळलंय, हे वहिनींशिवाय कुणाला कळणार?

आम्ही दोघं दर रविवारी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती करतो. हातभर लांब. प्रत्येक भाग करवतीनं कापायचा, कानशीनं घासायचा, मशिनला शिवायचं नाही, ही त्यांची अट. बरं. इंजिनाच्या दोन बाजूंच्या पट्ट्या, ज्यांत चाकांचे आस बसतात, त्या एकमेकींवर आवळून एकदमच कापायच्या असतात. हे आम्हाला उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी शिकवलेलं. पण करवत कुणी धरायची यावरून आमचं वाजलं. शेवटी डावी त्यांनी कापली, उजवी मी. आसांच्या खाचांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला आणि चाकं अडायला लागली.

नऊ वर्षं हे म्हणतायत, "तुझी चुकली." मी म्हणतोय, "तुमची चुकली." वहिनी चहा ठेवून म्हणायच्या, "दोघांचीही चुकली असेल, गिळा आता." नवी पट्टी कापणं हे दोन दिवसांचं काम. पण माघार घेणार कोण?

येत्या गुरुवारी हे आणि वहिनी लेकीकडे कायमचे राहायला निघालेत. परवा खोली आवरताना यांनी इंजिन माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ठेव तुझ्याकडेच. होईल तसं कर." भांडलेसुद्धा नाहीत. मला इतका राग आला म्हणून सांगू, मी चहाही न घेता घरी गेलो.

तर अध्यक्ष महोदय, सगळ्यांसमक्ष सांगतो. चूक उजव्या पट्टीत आहे. सहा वर्षांपूर्वी मी ती गुपचूप मोजली होती. बोललो नाही. अहंकार, दुसरं काय? आज सोमवार आहे. नवी पट्टी मी आणलीय. वहिनी, उद्या सकाळी चहा टाका. यांची डावी पट्टी वर आवळून उजवी कापू. करवत यांनीच धरायची.

संयोजकांचे आणि इतका वेळ ऐकून घेतलंत त्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण पोटात घालावं. त्या सहा वर्षांची माफी मात्र मी यांच्याकडे मागतो, आणि ती यांनी लगेच देऊ नये. आधी गुरुवारपर्यंत माझ्याशी नीट भांडावं.