सुन्याचं एकच कार्ड

लेकरांना निश्चिंत करायला तुम्ही कधी खोटं बोललात का?

यांच्या माघारी पहिलीच अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती, पितरांचं ताट वाढायचं होतं. सकाळी पुण्याहून सुन्याचा फोन आला.

"आई, काल निघताच नाही आलं. सर्व्हर अडून बसला."

"काहून?"

"एका सर्व्हरच्या पोटात पाच मशिनी, अन् डिस्कले जोडणारं कार्ड एकच. आमी प्रत्येकीले भासवतो, का कार्ड तुह्या एकटीचंच हाय. हा नवा सर्व्हर ते करूनच नाही राहिला. मंदाताई आली ना अकोल्याहून?"

"आली."

"दे बरं तिले फोन."

"आंघोळीले गेली."

थोड्या वेळानं मंदाचा फोन. "आई, सासूबाईले ताप हाय, मी नाही येत. सुन्या पोचला ना?"

"पोचला."

"दे त्याले."

"झोपला हाय. रातभर गाडीत जागला बिचारा."

दोघंही निश्चिंत झाले. यांच्या फोटोपुढे ताट ठेवून मी म्हटलं, "पाहा जी, सुन्याच्या सर्व्हरले नाही जमलं, ते मले जमलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या पुरणपोळ्या मी शेजारच्या शबानाभाभींकडे नेऊन दिल्या.